दाब दुप्पट आहे, म्हणून स्टॉकिंग फेका?

‘पाय सुजतोय? डॉक्टर जे लपवतात ते वाचा’ अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज सध्या फिरतोय. हिरव्या बरोबरच्या खुणा, लाल बाण, शेवटी ‘किमान दहा जणांना पाठवा’. असले मेसेज मी उघडतसुद्धा नाही. हा उघडावा लागला, कारण भिशीच्या ग्रुपवरून तो नागपूरला आमच्या मावशीकडे पोचला आणि तिने पायातलं स्टॉकिंग, म्हणजे सुजेसाठी घालायचा दाबाचा घट्ट, लांब मोजा, काढून कपाटात ठेवून दिलं. मावशीचा डावा पाय ती कॉलेजात असल्यापासून सुजतो. प्रायमरी लिम्फिडीमा, म्हणजे ऊतींमधलं पाणी परत नेणाऱ्या पायातल्या लिम्फच्या वाहिन्या मुळातच कमी किंवा कमकुवत. त्या स्टॉकिंगवर तिने शाळेतली उभ्याची नोकरी निभावली, निवृत्त झाली. आणि आता एका फॉरवर्डने ते उतरवलं. मी फोनवर चिडले तर म्हणाली, ‘अगं, उगीच नाही लिहिलेलं, त्यात स्वित्झर्लंडचा दाखला आहे.’

मी फिजिओथेरपीच्या मुलांना शरीरक्रियाशास्त्र शिकवते, त्यामुळे तो दाखला कुठून आला असणार ते मला लगेच कळलं. म्हणून जास्तच राग आला. धादांत खोटं असतं तर दोन वाक्यांत उडवून लावलं असतं.

ज्यांच्याकडे हा मेसेज अजून आला नाही त्यांच्यासाठी त्यातले दावे थोडक्यात सांगते. लिम्फ म्हणजे शरीराचं गटार आणि सूज म्हणजे त्यात तुंबलेलं विष. स्वित्झर्लंडच्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय की सुजलेल्या पायात लिम्फच्या बारीक नळ्यांमधला दाब निरोगी माणसाच्या दुप्पट असतो. त्यावर स्टॉकिंगचा आणखी ४० चा दाब आला की नळ्या फुटतात, म्हणून स्टॉकिंग आणि पट्ट्या आजच बंद करा. त्याऐवजी गरम मोहरीच्या तेलाने त्वचा लाल होईपर्यंत रगडा. चालणं कमी करा, पाणी कमी प्या. जळवा लावून किंवा सुईने टोचून ‘अडकलेलं पाणी’ बाहेर काढा. आणि शेवटी, हा सगळा हत्तीरोगच असतो, तो सरकारी गोळ्यांमुळे पसरतो, तेव्हा त्या गोळ्या घेऊ नका.

गटाराचं आधी उरकून टाकू. रक्ताच्या केशवाहिन्यांमधून पाणी आणि थोडी प्रथिनं सतत बाहेर पाझरत असतात. ती गोळा करून परत रक्तात नेणं हे लिम्फचं, म्हणजे शाळेच्या पुस्तकातल्या लसिकेचं काम. ही सगळी वाट शेवटी मानेच्या तळाशी मोठ्या शिरांमध्ये उघडते. म्हणजे लिम्फ शरीराबाहेर कुठेही जात नाही, ते रक्तातच परततं. त्यात ‘विष’ असतं तर शरीर ते रोज स्वतःच्याच रक्तात ओतत बसलं असतं. या ‘विषा’वर मेसेजने सुचवलेला लिंबू-मध-ओव्याचा काढा आवडत असेल तर प्या. पायातल्या वाहिन्यांना त्याची खबर लागत नाही.

आता स्वित्झर्लंड.

आकडा खरा आहे, हे मान्य करावं लागतंय. झुरिकच्या विद्यापीठ रुग्णालयात आल्फ्रेड बोलिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मोजलं आणि १९९३ साली ‘मायक्रोव्हॅस्क्युलर रिसर्च’ या नियतकालिकात छापलं. निरोगी माणसांमध्ये लिम्फच्या केशवाहिन्यांमधला सरासरी दाब ७.९ मिलिमीटर पारा, आणि प्रायमरी लिम्फिडीमाच्या रुग्णांमध्ये १५.०. जवळजवळ दुप्पट. इथपर्यंत मेसेज बरोबर. यापुढचं प्रत्येक वाक्य चूक आहे, आणि चूक कुठे होते ते समजायला हा दाब मोजतात कसा ते बघावं लागेल. ते काम फार सुंदर आहे.

लिम्फच्या केशवाहिन्या डोळ्यांना दिसत नाहीत. लिम्फ पाण्यासारखंच फिकट असल्यामुळे सूक्ष्मदर्शकाखालीही त्या ओळखू येत नाहीत. म्हणून पायाच्या पाठीवरच्या त्वचेत चमकणाऱ्या रंगद्रव्याचा अगदी छोटासा थेंब टोचतात. त्याचे रेणू इतके मोठे घेतात की ते रक्ताच्या केशवाहिन्यांमध्ये शिरू शकत नाहीत, फक्त लिम्फच्या वाटेनेच जातात. मग विशिष्ट प्रकाशात सूक्ष्मदर्शकाखाली ती जाळी हळूहळू उजळत जाते. उजळलेल्या एका नळीत काचेची सुई घालायची, जिचं टोक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास. सुईत खारं पाणी असतं. नळीतला दाब ते पाणी मागे ढकलू बघतो, तसा टोकाशी विजेचा रोध बदलतो आणि यंत्र तेवढाच उलटा दाब देऊन ते जिथल्या तिथे रोखून धरतं. रोखायला जितका दाब लागला तितका नळीतला दाब. हे सगळं जिवंत, जाग्या माणसाच्या पायावर, आणि त्याने पाय हलवला की पहिल्यापासून सुरुवात. इतक्या कष्टाने काढलेला आकडा कुणीतरी मोहरीच्या तेलाच्या शेजारी नेऊन बसवला.

तर पहिली गोष्ट, १५ म्हणजे किती? तुमचं बीपी १२०/८० असतं तेही याच एककात. आपण नुसते स्थिर उभे राहिलो तर घोट्याजवळच्या शिरांमधला दाब ८० ते ९० पर्यंत जातो. एसटीच्या थांब्यावर ताटकळणाऱ्या प्रत्येकाच्या पायात हे होतं आणि कुणाच्या शिरा धडाधड फुटत नाहीत. १५ हा लिम्फच्या केशवाहिनीसाठी जास्त आहे, पण स्फोटाचा आकडा नव्हे. शिवाय हे सरासरीचे आकडे आहेत. मोजमापांचा पसारा, म्हणजे आकडे सरासरीच्या साधारण किती वरखाली होते ते, निरोगी गटात ३.४ आणि रुग्णांमध्ये ५.१ इतका होता, म्हणजे काही निरोगी माणसांचा दाब काही रुग्णांइतका असणारच. ‘प्रत्येक सुजलेल्या पायात दुप्पट’ असं त्या लेखात कुठेही म्हटलेलं नाही.

दुसरी गोष्ट मेसेज लिहिणाऱ्याला माहीतच नसावी, किंवा माहीत असून त्याने गाळली असावी. झुरिकच्याच गटाने पुढे १९९६ मध्ये निरोगी माणसांचा हाच दाब आडवं असताना आणि बसल्यावर असा दोन्ही वेळा मोजला. आडवं असताना सरासरी ३.९. बसल्यावर ९.९. प्रयोग वेगळा, माणसं वेगळी, त्यामुळे आधीच्या आकड्यांशेजारी हे जसेच्या तसे मांडता येत नाहीत, पण मुद्दा लक्षात घ्या: निरोगी माणूस पलंगावरून उठून खुर्चीत बसला एवढ्यावर त्याच्या पायातल्या याच नळ्यांचा दाब अडीच पट झाला. दुप्पट दाबाने नळ्या फुटत असत्या तर सगळ्यात आधी जगातल्या खुर्च्या जप्त कराव्या लागल्या असत्या.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि मेसेजचा पाया इथेच कोसळतो. मेसेज साधी बेरीज करतो: आत १५, त्यावर स्टॉकिंगचे ४०, झाले ५५, नळी फुटली. पण नळीच्या भिंतीवर ताण येतो तो आतला दाब आणि बाहेरचा दाब यांच्या फरकामुळे. स्टॉकिंग दाब देतं ते बाहेरून, भोवतालच्या सगळ्या ऊतींवर. त्याने आतला दाब चढतो तसा बाहेरचाही चढतो, आणि भिंतीवरचा ताण वाढत नाही; उलट भिंतीला आधार मिळतो. सायकलची उघडी ट्यूब थोड्याशा हवेने फुगून पातळ होते, पण टायरच्या आत तीच ट्यूब कितीतरी जास्त हवा निमूटपणे सोसते. मेसेजचा सल्ला असा की ट्यूब फुटेल या भीतीने टायर काढून टाका.

या केशवाहिन्यांची बांधणीही मजेशीर आहे. भिंत एका पेशीच्या जाडीची, पेशींच्या कडा एकमेकींवर चढलेल्या, म्हणजे आत ढकललं की उघडणाऱ्या आणि आतून ढकललं की मिटणाऱ्या झडपा. बाहेरून त्यांना बारीक तंतू भोवतालच्या ऊतीशी बांधून ठेवतात. सूज येऊन ऊती ताणल्या की हे तंतू नळीला खेचून आणखी उघडतात. म्हणजे भोवती पाणी वाढलं की या नळ्या दबून बंद होत नाहीत, जास्त उघडतात. मग दाब वाढतो कशामुळे? पुढची वाट धड नसते म्हणून. केशवाहिनीच्या पुढे झडपा आणि स्नायू असलेल्या मोठ्या वाहिन्या असतात, त्या मिनिटाला काही वेळा आकुंचन पावून लिम्फ वर ढकलतात. त्या कमी असल्या, दुबळ्या झाल्या किंवा झडपा गळू लागल्या की मागे सगळं तुंबतं. त्या तुंबण्याचं मोजमाप म्हणजे झुरिकचे १५. तो आकडा रोगाचा परिणाम आहे. आणि तुंबलेल्या वाटेवर करण्यासारखं पहिलं काम म्हणजे तिथे येणारं पाणी कमी करणं. स्टॉकिंग नेमकं तेच करतं: बाहेरचा दाब वाढल्यामुळे रक्ताच्या केशवाहिन्यांमधून पाझरच कमी होतो. तेव्हा झुरिकच्या आकड्यावरून काही ठरवायचंच असेल तर ते स्टॉकिंग घालायचं, हे ठरतं.

इथे एखादा चौकस वाचक विचारेल, आणि विचारावंच, की दुबळ्या पंपावर बाहेरून दाब दिला तर तो पुरताच अडणार नाही का? कारण पंपाची ताकदही मोजलेली आहे. लंडनच्या एका गटाने २००७ मध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या उपचारांनंतर सुजलेल्या हातांवर हे काम केलं. दंडाला बीपीसारखा पट्टा बांधून लिम्फ अडवायचं, मग पट्ट्यातली हवा हळूहळू सोडत किती दाबाला लिम्फ पलीकडे जातं ते बघायचं. निरोगी हातात सरासरी ३९, सुजलेल्या हातात २४. मग ३० चं स्टॉकिंग म्हणजे मरणच की! नाही. पट्टा एकाच जागी आवळतो; मागून येणाऱ्या लिम्फला तेवढी एक खिंड स्वतःच्या बळावर ओलांडावी लागते. स्टॉकिंग पावलापासून वरपर्यंत दाबतं, घोट्याशी सगळ्यात जास्त आणि वर जाताना कमी. मागचं लिम्फही त्याच दाबाखाली असतं, म्हणून ते कमी दाबाच्या दिशेने, वरच सरकतं. त्यात चालताना पोटरीचा स्नायू फुगून त्या फारसं न ताणणाऱ्या कापडावर आतून आपटतो आणि पंपाला दर पावलाला धक्का मिळतो.

मात्र याच हिशेबातून एक खरा धोका निघतो, आणि मेसेजमध्ये तो कुठेही नाही. स्टॉकिंगची वरची कड गुंडाळून खाली सरकवली, तर त्या गुंडाळीत दाब साठून तिचा लंडनवाला पट्टाच होतो. गुडघ्याखाली खोल वळ, त्याखाली पाय टम्म. बहुतेक तक्रारी या अशा वापराच्या असतात, किंवा माप न घेता दुकानातून ‘मीडियम द्या’ म्हणून आणलेल्या मोज्यांच्या. माप सकाळी, सूज कमी असताना, घोटा-पोटरी-मांडी असं जागोजागी घ्यायचं असतं. सूज जास्त असेल तर आधी काही आठवडे पट्ट्या बांधून पाय उतरवायचा आणि मग माप. जर्मन मानकात दुसऱ्या वर्गाचं स्टॉकिंग घोट्याशी २३ ते ३२ दाब देतं आणि तिसऱ्या वर्गाचं ३४ ते ४६. कुणाला कोणतं, हे भिशीच्या ग्रुपवर ठरवायची गोष्ट नाही.

आणि हो, स्टॉकिंग सगळ्यांसाठी नाही, हेही नाखुशीने का होईना लिहायला हवं, नाहीतर माझ्यावरच उलटेल. पायाच्या धमन्याच अरुंद झालेल्या असतील, म्हणजे पावलापर्यंत रक्तच पुरेसं पोचत नसेल, तर घट्ट दाब घातक ठरू शकतो. विडी-सिगारेट ओढणारे, जुना मधुमेह असलेले, चालताना पोटरी दुखून थांबावं लागणारे, यांनी आधी घोट्याच्या आणि दंडाच्या बीपीची तुलना करून घ्यावी. साधी, बिनसुईची तपासणी आहे. हृदय निकामी होऊन अंगभर पाणी साचलं असेल तर तिथेही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. मधुमेहाने पायाची संवेदना गेली असेल तर मोज्याच्या चुणीने जखम झालेलीही कळत नाही. ‘स्टॉकिंगने काहींना त्रास होतो’ एवढंच मेसेजमध्ये असतं तर मी गप्प बसले असते.

खरं सांगायचं तर मावशीने त्यावर विश्वास का ठेवला ते मला कळतं. नागपूरच्या मे महिन्यात, बाहेर ४५ अंश असताना, मांडीपर्यंतचं ते जाड कापड सकाळी सकाळी ओढून चढवणं ही शिक्षा असते. चढवायला रबरी हातमोजे लागतात, वाकता येत नाही तेव्हा दुसऱ्या कुणाची तरी मदत लागते, काही महिन्यांत ते सैल पडतं आणि नवीन घ्यायचं तर पैसे मोजावे लागतात, बहुतेकदा खिशातूनच. इतक्या कटकटीच्या वस्तूपासून सुटका देणारा ‘शास्त्रीय’ मेसेज आला तर तो कुणाला खोटा वाटावा? तो लिहिणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असणार.

सुटकेची किंमत मात्र मोजलेली आहे. ऑस्ट्रेलियात पाय कायम सुजलेल्या आणि त्यात वारंवार सेल्युलायटिस, म्हणजे त्वचेखालचा जंतुसंसर्ग, होणाऱ्या ८४ जणांवर चाचणी झाली. २०२० मध्ये ती ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आली. अर्ध्यांना दाबाचे मोजे आणि पायाच्या काळजीचं शिक्षण, अर्ध्यांना नुसतं शिक्षण. मोजेवाल्यांपैकी १५ टक्क्यांना पुन्हा संसर्ग झाला, दुसऱ्या गटात ४० टक्क्यांना. फरक इतका स्पष्ट दिसू लागला की चाचणी ठरल्याआधीच थांबवली. ज्या वस्तूने ‘नळ्या फुटतात’ ती घालणाऱ्यांमध्ये संसर्गाचं प्रमाण दुसऱ्या गटाच्या निम्म्याहून कमी राहिलं.

आता जळवा आणि सुई. रागाच्या यादीत हा दावा दुसऱ्या नंबरवर. लिम्फिडीमाच्या पायात साचलेलं पाणी एका पिशवीत नसतं की टोचलं आणि रिकामं झालं. ते त्वचेखालच्या ऊतींमध्ये भिनलेलं असतं आणि कालांतराने त्याच्यासोबत चरबी आणि घट्ट तंतुमय ऊती वाढतात; म्हणूनच जुनी सूज बोटाने दाबली तरी खळगा पडत नाही. टोचून निघतील चार थेंब. त्या छिद्रातून आत जातील ते जंतू. प्रथिनांनी भरलेला ओलावा आणि तिथे जंतूंशी लढायला येणाऱ्या पेशींची वाटही अडलेली, यापेक्षा सोयीची जागा स्ट्रेप्टोकोकसला कुठे मिळणार? मग थंडी वाजून ताप, पाय लालबुंद आणि तापलेला, आणि प्रत्येक झटक्यात उरल्यासुरल्या लिम्फच्या वाहिन्यांपैकी आणखी काही निकामी. म्हणजे सूज आणखी वाढणार, आणि पुढचा झटका आणखी सोपा. हे चक्र जळवेने सुरू झालं तरी संपत नाही जळवेने.

जंतूंना मुळात जळवाही लागत नाहीत. बोटांच्या बेचक्यातल्या चिखल्या, टाचेची भेग, नख काढताना लागलेली कात्री, डास चावल्यावर खाजवलेली जागा एवढं पुरतं. म्हणून रोज साबण-पाण्याने पाय धुणं, बेचकी कोरडी करणं, चिखल्यांना वेळेत मलम लावणं, त्वचा भेगाळू नये म्हणून साधं क्रीम लावणं ही यातली सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात उपयोगाची कामं. आणि पाय अचानक लाल, गरम झाला, ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना. तिथे ‘उद्या बघू’ चालत नाही.

रगडण्याबद्दल फार लिहायची गरज नाही. (मोहरीचं तेल मालिशला कोणत्या मराठी घरात असतं? मेसेज हिंदीतून उचलून आणलाय, ‘खोबरेल’ करायचेही कष्ट घेतले नाहीत.) लिम्फिडीमासाठी मालिश खरोखर असते, एवढं अर्धसत्य त्यात आहे. डेन्मार्कच्या एमिल व्होडर यांनी ती १९३० च्या दशकात बसवली. पण तिच्यात हात इतका हलका असतो की पहिल्यांदा करून घेणाऱ्याला वाटतं, हे काहीच करत नाहीयेत. त्वचा नुसती हळुवार ताणून सोडायची, आणि सुरुवातही पावलापासून नव्हे तर मानेपासून आणि निरोगी बाजूपासून, आधी पुढची वाट मोकळी करत. त्वचा लाल होईपर्यंत रगडलं की तिथलं रक्त वाढतं आणि रक्त वाढलं की पाझर वाढतो. आपण कमी करायला निघालेलं पाणी आणखी वाढवून ठेवतो. तेल गरम असेल तर भाजण्याचा धोका वेगळाच.

चालणं कमी करा, हा सल्ला पोटरीचा पंप बंद करायला सांगतो, त्याबद्दल वर आलंच आहे. व्यायामाने सूज वाढते ही भीती जुनी आहे, डॉक्टरही एकेकाळी हेच सांगत. मग अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगानंतर हात सुजलेल्या १४१ स्त्रियांवर चाचणी झाली, २००९ मध्ये छापली गेली: देखरेखीखाली हळूहळू वजनं उचलणाऱ्यांची सूज इतरांपेक्षा वाढली नाही आणि मध्येच सूज भडकण्याचे प्रसंग त्यांच्यात कमी झाले. पाय लोंबकळत ठेवून तासन्‌तास बसल्याने सूज वाढते, हे मात्र खरं. आणि पाण्याचं म्हणाल तर कमी पाणी पिऊन लिम्फिडीमा उतरत नाही, कारण अडकलेल्या प्रथिनांनी ते पाणी तिथे धरून ठेवलेलं असतं. याच कारणासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्याही यावर चालत नाहीत. नागपुरात मे महिन्यात पाणी कमी प्यायला सांगणाऱ्याला तर काय म्हणावं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

उरला हत्तीरोग. विदर्भात कुणाचाही पाय सुजला की शेजारीपाजारी हाच शिक्का मारतात. मावशीने तो तरुणपणी पुरेसा सोसलाय, लग्नाच्या वेळीसुद्धा. पण पाय सुजण्याची कारणं ढीगभर आहेत: शिरांचा आजार, हृदय, मूत्रपिंड, थायरॉइड, बीपीच्या काही गोळ्या, कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी, आणि मावशीसारखं जन्मतःचं. झुरिकचे रुग्णही प्रायमरी लिम्फिडीमाचे होते, त्यात हत्तीरोग नव्हता. मेसेजला आपलाच दाखला कुणाबद्दल आहे हे ठाऊक नाही. घरच्या घरी एक गोष्ट बघता येते: पायाच्या दुसऱ्या बोटाच्या मुळाशी वरच्या बाजूची त्वचा चिमटीत धरून बघा. ती उचललीच जात नसेल तर लिम्फिडीमाचा संशय बळावतो. उचलली गेली म्हणून तो नाहीच, असं मात्र होत नाही.

आणि गोळ्यांनी हत्तीरोग पसरतो हा दावा तर आजाराचीच तळी उचलणारा आहे. हत्तीरोगाचे जंत माणसाच्या लिम्फच्या वाहिन्यांमध्ये वर्षानुवर्षं राहतात, त्यांची पिल्लं रात्री रक्तात उतरतात, आणि क्युलेक्स डास ती एका माणसाकडून दुसऱ्याकडे नेतात. म्हणूनच तपासणीसाठी रक्त रात्री घेतात. ज्याच्या रक्तात पिल्लं असतात त्याचा पाय बहुधा सुजलेला नसतो. तो धडधाकट दिसतो आणि मोहल्ल्यातल्या डासांना रोज पुरवठा करतो. त्यामुळे फक्त सुजलेल्यांना गोळ्या देऊन भागत नाही, सगळ्या वस्तीला द्याव्या लागतात. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, नागपूर इकडे ही मोहीम ओळखीची आहे. डीईसी आणि अल्बेंडाझोल ही जुनी जोडी, तिला आयव्हरमेक्टिनची जोड देऊन तीन औषधं एकत्र द्यायला २०१९ मध्ये देशात ज्या मोजक्या जिल्ह्यांत सुरुवात झाली त्यांत नागपूर होता. २०२७ पर्यंत हा आजार संपवायचं सरकारने ठरवलंय.

गोळ्या घेतल्यावर काहींना ताप येतो, डोकं दुखतं, मळमळतं. अफवा इथूनच जन्मते, आणि त्रास खरा असतो. पण तो बहुधा रक्तातली पिल्लं मरू लागल्यामुळे होतो. म्हणजे ज्याला ताप आला त्यालाच त्या गोळीची गरज होती. जुनी सूज गोळ्यांनी उतरत नाही, हेही खरं. तिच्यासाठी पाय धुणं, पट्टी आणि व्यायामच. गरोदर बायका, दोन वर्षांखालची मुलं आणि फार आजारी माणसं यांना या गोळ्या देत नाहीत. बाकीच्यांनी आशाताई दारात आल्या की उपाशीपोटी घेऊ नये, आधी चार घास खावेत आणि त्यांच्यासमोरच गिळाव्यात. ‘ठेवून जा, मग घेते’ म्हणून फडताळात ठेवलेल्या गोळ्या तिथेच राहतात.